हिरव्या रेघेची नळी

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट ही गोष्ट चारचौघांत सांगितली म्हणून माझी बहीण महिनाभर तरी माझ्याशी धड बोलणार नाही. तरी सांगतोय. कारण हे तिच्या आणि दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग तर मी या डोळ्यांनी पाहिलाय.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, रात्र लागते, एखादा वड लागतो. इथं त्यातलं काहीच नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. भर दुपार. सोलापूरची अक्कलकोट रोडची एमआयडीसी. पत्र्याच्या शेडवर पापड टाकला तर भाजून निघेल असं ऊन.

आणि एक जुनी डिझेल गाडी.

आमचे दाजी म्हणजे राजशेखर मिस्त्री. जुन्या डिझेल गाड्यांचं काम करणारी माणसं आता सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यातले एक. हात सोन्याचा, पण स्वभाव हट्टी. दुसऱ्या मिस्त्रीनं केलेला जुगाड दिसला की जेवताना दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करतात. तो जुगाड काढून टाकल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. या एका सवयीनं घात केला म्हणायचं.

माझी थोरली बहीण शिवलीला. आम्ही तिला अक्का म्हणतो. आम्ही माढ्याचे, घरात मराठीच. दाजींच्या घरात मात्र सगळे कन्नड बोलतात. इतकी वर्षं झाली, अक्काला कन्नड कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की सासरची माणसं पदरात तोंड लपवून हसतात. म्हणून ती घरात मराठीच बोलते.

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर त्या मे महिन्यात एक म्हातारे गृहस्थ गाडी घेऊन दाजींच्या शेडवर आले. वैरागचे गुरप्पा. धान्याचा व्यापार, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. गाडी परदेशी बनावटीची, लांबलचक, क्रीम रंगाची. इतकी जुनी गाडी, पण पुसून लख्ख ठेवलेली. म्हातारबुवा किल्ली काढून, ती खिशात घालून खाली उतरले...

गाडी चालूच.

दाजी घाबरले नाहीत. हसले. त्यांना दुखणं तिथंच कळलं होतं.

"किल्ली काढली तरी बंद होत न्हाय, व्हय मालक?"

"न्हाय ना. दर बारीला बॉनेट उघडून आतली पट्टी दाबावी लागतीया. माझे गुडघे बघा. आन् ब्रेक तर दगडावानी झालाय."

यातली गंमत थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या गाडीत बरीच कामं विजेवर नाहीत, ओढीवर चालतात. इंजिनच्या अंगाला एक छोटा पंप असतो. तो बारीक नळ्यांतली हवा सारखी ओढत राहतो. त्या ओढीवर ब्रेक हलका होतो, त्याच ओढीवर किल्ली फिरवली की इंजिन बंद पडतं, आणि पुढच्या दाराचं लॉक लावलं की चारी दारांची लॉकं एकदम बसतात तीही त्याच ओढीवर. पंप फिरायचा थांबला की सगळंच थांबलं.

दाजींनी गुरप्पांना हे समजावून सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"मिस्त्री, पंप करा, ब्रेक करा. पण लॉकाच्या नळीला हात लावू नगा."

"का हो?"

"ती बंद केलीया. बंदच ऱ्हाऊ द्या."

दाजी म्हणाले, "बरं."

दाजींचं 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढंच. मानलं असं नव्हे. अक्काला विचारा.

गुरप्पा पायी चालत फाटकापर्यंत गेले तेव्हा दाजींचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. तिथं मोगऱ्याचा गजरा ठेवला होता. ताजा. पाण्याचे थेंब होते त्याच्यावर.

"मालक, गजरा राहिला की सीटवर!"

म्हाताऱ्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर करून 'राहू दे' अशी खूण केली.

दाजींनी पंप काढला. पंप ठणठणीत होता. पण इंजिनची गती पंपाला देणारा जो खाचेचा तुकडा असतो, तो झिजून पार गोल झाला होता. इंजिन फिरायचं आणि पंप जागेवर बसून राहायचा. तसा नवा तुकडा बाजारात कुठला मिळणार? दाजींनी तो जुना तुकडा ओळखीच्या लेथवाल्याकडं दिला, याच्याबरहुकूम नवीन करून दे म्हणाले. पंप टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवला.

म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी पंप टेबलावर होता. गाडीत ओढ नव्हती. असूच शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाजी रिकामे होते. तुकडा यायचा होता. रिकामं बसणं दाजींना माहीत नाही. नळ्या कुठं गळतात का ते बघू म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. दारांच्या आतले पत्रेही सोडवायचे म्हणून चारी काचा वर केल्या आणि काचा फिरवायची हँडलं काढून टेबलावर ठेवली.

मग त्यांना ती नळी दिसली.

लॉकाच्या दोन बारीक पिवळ्या नळ्या असतात. लाल रेघेची नळी ओढली की चारी लॉकं बसतात. हिरव्या रेघेची ओढली की उघडतात.

गळती थांबवायला मिस्त्री लोक नळीत स्क्रू ठोकून ती बंद करतात, हा आपल्याकडचा जुना जुगाड. पण तसं करायचं तर दोन्ही बंद करतील. इथं लाल रेघेची जशीच्या तशी जोडलेली होती.

बंद होती ती फक्त हिरवी.

लॉक बसायला वाट होती. उघडायला नव्हती.

आणि स्क्रूवर दोरा गुंडाळला होता. लाल दोरा, हळद लागून पिवळा पडलेला.

"कुणी आडाण्यानं केलंय हे," असं पुटपुटत दाजींनी पकड लावली आणि स्क्रू उपटला.

फुस्स असा आवाज यायला हवा होता, किंवा काहीच नको होतं. पण आवाज आला तो उलटा. कुणीतरी फार वेळ रोखून धरलेला श्वास एकदम आत घ्यावा तसा...

दाजींनी इकडं तिकडं पाहिलं. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग खटाखटा चालू होते. कानाला भास झाला असेल, म्हणाले.

नळी चांगली आहे की नाही हे बघायची दाजींची एक पद्धत आहे. टोक तोंडात धरायचं, आत ओढायचं आणि जिभेनं बंद करायचं. जीभ चिकटून राहिली तर नळी चांगली. सुटली तर कुठंतरी गळती. हजार वेळा केलेलं काम.

त्यांनी टोक ओठांत धरलं. ओढलं. जीभ लावली.

जीभ चिकटली.

तोंडात रबराची चव यायला हवी होती. आली ती मोगऱ्याची. शिळ्या, कोमेजलेल्या मोगऱ्याची.

आणि मग पलीकडून कुणीतरी ओढलं.

दाजींनी मान मागं घेतली. जीभ सुटेना. जोर लावला तेव्हा सुटली, आणि टोकावर रक्ताचा ठिपका आला. हातातली नळी हलत नव्हती. पंप टेबलावर फडक्यात तसाच होता.

दाजींच्या जागी मी असतो तर शेडला कुलूप लावून थेट माढ्याची एसटी धरली असती. पण हट्टी माणूस. नळीतच कुठंतरी जुनी ओढ अडकून राहिली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली.

तेवढ्यात अक्का डबा घेऊन आली. कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळकांदा. पदरानं घाम पुसत म्हणाली, "आधी जेवून घ्या."

"एवढं बघतो अन् जेवतो. तू आत बस जरा. मी हितनं ओढतो, तू बटणं हलत्यात का बघ."

"मला नाही कळत त्यातलं."

"कळायचं काय हाय त्यात? दारावरचं बटण वर हाय का खाली, एवढंच सांगायचं. आन् दार लाव. दार लावल्याबिगर कळत न्हाय."

अक्का पुढच्या सीटवर बसली. दार लावून घेतलं. बॉनेट उभं असल्यामुळं दाजींना ती दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता.

"बसले. ओढा."

दाजींनी नळीचं टोक शर्टाला पुसलं. जिभेला अजून झोंबत होतं, म्हणून क्षणभर थांबले.

आणि शेजारचे माग बंद पडले.

वीज गेली होती. उन्हाळ्यात हे रोजचंच. कामगार उठून चहाला गेले. दिवसभर ज्या खटाखटीची कानाला सवय झालेली असते ती थांबली की शांतता कशी अंगावर येते ते एमआयडीसीतल्या माणसालाच कळेल.

त्या शांततेत...

ठक.

ठक. ठक. ठक.

"गेली की हो!" अक्का आतून म्हणाली.

"काय गेली?"

"बटणं. चारीही खाली बसली. झालं ना? आता उघडा, लई उकडतंय आत."

दाजींच्या हातातली नळी तोंडापासून वीतभर लांब होती.

त्यांनी अजून ओढलंच नव्हतं.

दाजी धावत दारापाशी आले. हँडल ओढलं. दार हलेना. अक्का आतून बटण वर उपसत होती, पण बोटं घसरत होती. दाजींनी किल्ली लावली. किल्ली फिरली. बटण तसंच. मागची दारं बघितली, तीच गत. काचा बंद, आणि काचांची हँडलं टेबलावर दाजींनीच नीट मांडून ठेवलेली.

गाडी निम्मी उन्हात होती. आत बसून दहा श्वास घेतले तर अकरावा जड जाईल असं तापमान. अक्काचा चेहरा लाल झाला होता. ती काहीतरी ओरडत होती.

पण आवाज येत नव्हता.

तोंड हलत होतं, हात काचेवर आपटत होता, आणि बाहेर काहीही ऐकू येत नव्हतं. मघाशी बॉनेटपलीकडून स्पष्ट ऐकू येणारी बायको आता हातभर अंतरावर मुकी झाली होती.

दाजींनी हातोडा उचलला. "डोळे झाक! तोंडावर पदर घे!" असं ओरडून मागच्या दाराच्या काचेवर घाव घातला.

हातोडा काचेवर बसला... आवाजच आला नाही.

दुसरा घातला. तिसरा घातला. हाताला झिणझिण्या आल्या. काचेला तडासुद्धा गेला नाही. आवाज जणू कुणीतरी आतून गिळत होतं.

दाजी रस्त्यापर्यंत धावले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत आले. आयुष्यात एवढं असहाय कधी वाटलं नव्हतं असं ते अजून म्हणतात. हजार गाड्या खोलल्या, आणि स्वतःची बायको एका दाराआडून काढता येईना. रडत होते ते. मला त्यांनी हे स्वतः सांगितलंय, आणि दाजी रडल्याचं सांगणारा माणूस नाही.

तेव्हा त्यांचं लक्ष मागच्या काचेकडं गेलं.

काचेवर वाफ धरली होती. आतून. ताटलीएवढा गोल. लहान होत होता, मोठा होत होता... लहान, मोठा. काचेला तोंड लावून कुणी श्वास घ्यावा तसा.

अक्का पुढच्या सीटवर होती.

मागं कुणीच नव्हतं. नुसता गजरा होता. ताजा.

अक्काची मान आता एका बाजूला कलली होती. ओठ मिटले होते. आणि नेमकं तेव्हाच बॉनेटखालून, इंजिनवर लोंबणाऱ्या त्या नळीतून बारीक आवाज आला...

"बागला तगी."

दार उघड. कन्नडमध्ये. बाईचा आवाज.

अक्काचे ओठ मिटलेले होते. आणि अक्का कन्नड बोलत नाही.

"यारू?" दाजींच्या तोंडून निघून गेलं. कोण?

"बागला तगी."

सांगायला वेळ लागतोय, पण दाजी म्हणतात तिथं विचार करायला जागाच नव्हती. एकच गोष्ट कळली. हिरव्या रेघेची नळी ओढली की लॉकं उघडतात. पंप नाही. मग ओढणार कोण? त्यांनी बॉनेटपाशी धाव घेतली, नळी दातांत धरली, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओढली.

पलीकडून ओढ आली नाही या खेपेला.

पलीकडून आला तो श्वास. गरम, लांबलचक. मोगऱ्याचा वास असलेला. घशातून खाली उतरतच राहिला. एका छातीत किती मावणार? छाती फुटेल असं वाटलं, तरी थांबेना. सोडावं म्हटलं तर मिटल्या डोळ्यांपुढं अक्का दिसायची. दाजींनी सोडलं नाही. गिळत राहिले.

मग आत सगळं शांत झालं.

ठक. ठक. ठक. ठक.

दाजींनी दार उघडलं, अक्काला ओढून बाहेर काढलं, शेडपुढच्या निंबाखाली आणून तोंडावर पाणी मारलं. ती शुद्धीवर आली. वीज आली. माग पुन्हा खटाखटा सुरू झाले, जसं काही घडलंच नाही.

अक्का पहिलं वाक्य काय बोलली माहितीये?

"मागं कोण बसलं होतं?"

दाजींनी पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाशी धरला.

"माझ्या मानेमागं कुणीतरी श्वास घेत होतं हो. सोडत नव्हतं. नुसतं आत घेत होतं."

दाजी माझ्याशी पुढं एकदा बोलले होते. म्हणाले, "तुझ्या अक्काशी तिचं काय वैर नव्हतं रे. मी ओढावं म्हणून तिनं अक्काला धरून ठेवलं."

"ती कोण, दाजी?"

ते उठून हातातली पकड पुसायला लागले.

लेथवरून नवा तुकडा आला. दाजींनी पंप बसवला, नळ्या जोडल्या. हिरवीही जोडली. स्क्रू पुन्हा ठोकायचं धाडस त्यांना झालं नाही. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. किल्ली फिरवली की बंद. ब्रेक हलका. चारी लॉकं एकदम.

गुरप्पा आले. हातात पानात बांधलेला गजरा होता.

त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसले, डोळे मिटले. बराच वेळ बसून राहिले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"मिस्त्री, हिरव्या नळीला हात लावलासा तुमी."

दाजींनी मान खाली घातली.

"गाडी रिकामी झाली हो," म्हातारे म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

दाजी त्यांना धरायला पुढं झाले. आणि म्हातारे एकदम थांबले. रडता रडता थांबले. दाजींच्या छातीकडं पाहत राहिले. मग हळूच वाकून त्यांनी आपला कान दाजींच्या शर्टाला लावला...

ऐकलं.

आणि हसले.

"हितं हाय व्हय," असं म्हणाले. "असू दे, असू दे. हितं बरी हाय."

निघताना दाजींचा हात हातात घेऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "झोपताना तोंड मिटून झोपत जावा."

पुढं मी मुद्दाम वैरागला जाऊन चौकशी केली. गुरप्पांची बायको रत्नम्मा. माहेर अक्कलकोटकडचं, कर्नाटकाला लागून. मराठी तिला शेवटपर्यंत धड आली नाही. लोक सांगतात, नवऱ्याचा फार जीव तिच्यावर. कुठं एकटी जाऊ द्यायचे नाहीत. स्वतः जातील तिथं गाडीतून न्यायचे, आणि उतरताना लॉक लावून जायचे. कुणी छेडेल, कुणी काही विचारेल, म्हणून. एका उन्हाळ्यात बाजारात सौदा लांबला. परत आले तर मागच्या सीटवरच तिचा जीव गेलेला होता. हृदय कमजोर होतं, असं वैरागात सगळे म्हणतात. मीही तेवढंच सांगतो.

तेव्हापासून गुरप्पा दर सोमवारी सोलापूरला येतात. त्याच गाडीतून, सिद्धेश्वराच्या दर्शनाला. मागच्या सीटवर गजरा ठेवून. वैरागात लोकांना वाटतं, म्हातारा एकटाच जातो.

इकडं दाजींना मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला, फुंकायला लावलं, सगळं झालं. छाती स्वच्छ म्हणाले. पण अक्काला झोप नाही. ती मला एकदा स्वयंपाकघरात बोलावून, दाजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"रोज कान देऊन ऐकते रे. आत जाताना दोन श्वास जातात. बाहेर एकच येतो."

मी म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मग या उन्हाळ्यात मी सोलापुरात शेळगीला, त्यांच्या घरी गेलो होतो. सोमवार होता, पण ते माझ्या ध्यानात नव्हतं. जेवणं झाली. दाजी बाहेरच्या खोलीत चटईवर आडवे झाले. दार सताड उघडं, आणि बाहेरून भट्टीसारख्या झळा येत होत्या. या घरात आता दार कधी लावत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. मी उठलो, दार लावलं आणि कडी घातली.

मी परत टेकतोय तोच...

"बागला तगी."

मी दाजींकडं पाहिलं. ते गाढ झोपले होते. ओठ घट्ट मिटलेले. ओठांची फट तर सोडाच, जबडासुद्धा हलत नव्हता.

"बागला तगी."

आवाज त्यांच्या छातीतून येत होता. बाईचा.

अक्का आतून धावत आली. हाताला पीठ तसंच. माझ्याकडं बघितलंही नाही तिनं. कडी काढली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्याला टेकून मटकन बसली.

"दार उघडं ठेवते की मी रोज," ती रडत म्हणाली. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. "जा की गं बाई. कुणी अडवलंय तुला? माझ्या माणसाला सोड की."

कुणी गेलं नाही. कुणी आलं ते बाहेरून.

क्रीम रंगाची गाडी दारात येऊन थांबली. इंजिन किल्लीनं अलगद बंद झालं. दाजींचं काम, फुकट कसं जाईल? गुरप्पा उतरले, मागचं दार उघडून धरलं आणि नुसते उभे राहिले. हाक मारली नाही.

दाजी उठले. चपला घातल्या.

"कुठं निघाला, दाजी?"

"देवळात. म्हातारा माणूस हाय, सोबत लागती त्याला. येतो की सांजच्याला."

असं म्हणून ते गाडीत मागं जाऊन बसले. सीटवर गजरा होता. दुसऱ्याची वस्तू बाजूला सरकवावी तसा त्यांनी तो सरकवला नाही. आपला असल्यासारखा उचलून मांडीवर ठेवला. दाजींना फुलांचा वास पहिल्यापासून सहन होत नाही. लग्नात हार घालून घ्यायलाही कुरकुरले होते.

मी धावत गेलो, त्यांच्या बाजूचं हँडल धरलं. तेवढ्यात गुरप्पा पुढं बसले आणि आपल्या दारावरचं बटण बोटानं दाबलं.

ठक. ठक. ठक. ठक.

चारी एकदम बसली. लॉकाचं कामही दाजींनी चोख केलंय. मी हँडल ओढत राहिलो, आणि दाजींनी आतून 'जा' अशी खूण केली. तोंड मिटलेलं होतं त्यांचं. तरी त्यांच्या शेजारच्या काचेवर वाफेचा गोल धरला होता. लहान होत होता, मोठा होत होता...

गाडी निघून गेली.

त्या दिवशी दाजी संध्याकाळी परत आले. चहा प्यायले, माझ्याशी नीट बोलले, माढ्याच्या उसाची चौकशी केली. दर सोमवारी जातात आणि दर सोमवारी परत येतात, असं अक्का म्हणते. ती दुपारपासून दारातच बसलेली असते, दार उघडं टाकून.

परत येतात. अजून तरी येतात.